कोकण किनाऱ्यावर घरच्या घरी गाडी रंगवताना रंग कसा निवडावा

रंगाच्या दुकानात गेल्यावर आपण पहिला प्रश्न छटेचा विचारतो, आणि समुद्राकाठच्या गावांत निवड बहुतेक वेळा तिथेच चुकते. अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत किनाऱ्याला लागून असलेल्या वस्त्यांमध्ये पत्र्यावरचा रंग उन्हाने विटण्याच्या कितीतरी आधी खालून सुटू लागतो. कडेला मोहरीएवढे फोड दिसतात, नखाने दाबले की ते फुटतात आणि आत तांबूस ओल सापडते. खालच्या थराने ओल आणि मीठ अडवले नसेल, तर वरचा रंग कितीही महागडा असला तरी हे टळत नाही. म्हणून इथे रंगाची निवड उलट्या क्रमाने करावी, असे माझे ठाम मत आहे: आधी प्रायमर, म्हणजे थेट पत्र्यावर लागणारा खालचा थर, ठरवावा, मग जो आपल्याला मारता येईल, ज्याची वाफ आपल्या छातीला झेपेल आणि बिघडल्यास घासून पुन्हा मारता येईल असा वरचा रंग ठरवावा, आणि छटेचा विचार सर्वांत शेवटी करावा.

पहिल्या कामासाठी वस्तू लहान, सुटी आणि लोखंडी असावी. पडवीत किंवा मांगरात वर्षानुवर्षे उभी असलेली जुनी गिअरची चेतक स्कूटर यासाठी फार सोयीची आहे. 1972 मध्ये बाजारात आलेल्या या गाडीचे अंग पोलादी पत्र्याचे असून तिची बाजूची दोन्ही पॅनेल सहज सुटतात. सुटे पॅनेल टेबलावर आडवे ठेवून रंगवता येत असल्यामुळे ओघळ येण्याची निम्मी भीती संपते. जीपचा बंपर, दुचाकीचे लोखंडी मडगार्ड किंवा कॅरिअर यांवरही हात बसवता येतो. पेट्रोलची टाकी मात्र पहिल्या कामाला घेऊ नये, त्याचे कारण पुढे येईलच. प्लॅस्टिकच्या भागांना प्लॅस्टिकचा वेगळा प्रायमर लागतो, तो नसेल तर रंग सालीसारखा निघतो.

जुना रंग कोणता आहे?

नवा रंग घेण्याआधी अंगावरचा जुना रंग ओळखणे आवश्यक आहे, कारण एका जातीच्या रंगावर दुसऱ्या जातीचा रंग बसेलच असे नाही. पॅनेलच्या आतल्या बाजूला, नजरेस न येणाऱ्या जागी, एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंगाच्या थिनरमध्ये भिजवलेले पांढरे सुती फडके अर्धा मिनिट दाबून धरावे आणि मग घासावे. रंग विरघळून फडक्यावर आला, तर तो एनसी किंवा साध्या स्प्रेच्या डब्यातला रंग आहे. रंग फुगून त्याला सुरकुत्या पडल्या, तर तो सिंथेटिक इनॅमल आहे. काहीच झाले नाही, तर तो हार्डनरचा, म्हणजे घट्ट करणारा दुसरा घटक मिसळून मारायचा, पीयू (पॉलियुरेथेन) रंग किंवा कारखान्यातल्या भट्टीत भाजलेला रंग आहे. या शेवटच्या प्रकारावर, तो नीट घासून खरखरीत केल्यावर, जवळपास कोणताही रंग घेता येतो. सुरकुत्या पडणाऱ्या सिंथेटिकवर मात्र एनसी किंवा स्प्रेचा रंग मारला, तर त्यातले तीव्र थिनर खालचा थर उचलते आणि सगळे पॅनेल मुळापासून खरवडावे लागते. ही चाचणी पाच मिनिटांची आहे, ती टाळून दुकानात जाऊ नये.

जुन्या गाड्यांच्या रंगात शिसे असू शकते. रंगातील शिशाचे प्रमाण 90 पीपीएमवर (दहा लाख भागांत 90 भाग) आणणारा 2016 चा केंद्रीय नियम घरगुती व सजावटीच्या रंगांपुरता आहे, त्यामुळे गाडीचा जुना रंग त्यात बसतो असे गृहीत धरता येत नाही. असा रंग कोरडा घासून धूळ उडवू नये. तो वॉटर पेपर आणि पाण्याने घासावा, मुलांना लांब ठेवावे आणि तो रेंदा विहिरीच्या किंवा माडाच्या आळ्यात जाऊ देऊ नये.

मीठ आधी, रंग नंतर

खाऱ्या वाऱ्याबरोबर येणारे मीठ गंजाच्या बारीक खड्ड्यांत जाऊन बसते आणि नुसत्या घासण्याने ते निघत नाही. रंगाचा थर डोळ्यांना अखंड दिसला तरी त्यातून पाण्याची वाफ थोडीथोडी आत जातच असते, आणि खाली मीठ असेल तर ते ती ओल ओढून घेते, द्रावण तयार होते, दाब वाढतो आणि रंगाला फोड येतो. यावर उपाय गोड्या पाण्याचा. गंज तारेच्या ब्रशने आणि 80 नंबरच्या सँडपेपरने चकचकीत पत्रा दिसेपर्यंत काढावा, मग भाग गोड्या पाण्याने भरपूर धुवावा, पुन्हा घासावा आणि पुन्हा धुवावा. किनाऱ्यालगतच्या विहिरींचे पाणी उन्हाळ्यात मचूळ होते. अशा पाण्याने धुतले, तर आपण मीठ काढत नसून लावत असतो. चवीला जे पाणी जराही खारट लागते, ते या कामाला वापरू नये.

पत्रा स्वच्छ झाला की नाही, हे पाहण्याची सोपी रीत अशी. पॅनेल किंचित तिरके धरून त्यावर तांब्याभर गोडे पाणी ओतावे. पाणी सलग पातळ पडद्यासारखे पसरून राहिले, तर पत्रा तेलकट नाही. ते मागे सरून त्याचे थेंब गोळा होऊ लागले, तर तिथे ग्रीस, पॉलिश किंवा हाताचे तेल आहे. डोक्याला खोबरेल लावून त्याच हाताने पॅनेल उचलले, तरी बोटांचे ठसे रंगात उमटतात, आणि सिलिकॉनच्या पॉलिशचा अंश राहिला तर रंग त्या जागेवरून मागे सरून माशाच्या डोळ्यासारखे गोल खळगे पडतात. तेलकटपणा काढण्याचे द्रावण एका फडक्याने लावावे आणि ते सुकण्याआधी दुसऱ्या कोरड्या फडक्याने पुसून घ्यावे. पत्रा उघडा केल्यावर तो त्याच दिवशी प्रायमरखाली गेला पाहिजे. दमट रात्रभर तो तसाच राहिला, तर सकाळी त्यावर पिवळसर गंजाची झाक आलेली असते.

प्रायमरची निवड

खिडक्यांच्या गजांना आणि फाटकांना लागणारा रेड ऑक्साइड प्रायमर कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो, स्वस्त असतो आणि त्यामुळे गाडीलाही तोच लावला जातो. आतल्या तालुक्यांत, कोरड्या जागी, तो चालूनही जातो. समुद्राची गाज ऐकू येणाऱ्या घरात उभ्या राहणाऱ्या गाडीला तो पुरेसा नाही. तिथे दोन डब्यांचा इपॉक्सी प्रायमर घ्यावा. तो उघड्या पोलादाला घट्ट धरतो आणि पाणी फार कमी आत सोडतो. नवशिक्याच्या दृष्टीने त्याचा आणखी एक मोठा गुण म्हणजे तो ब्रशनेही लावता येतो. नेहमीच्या इपॉक्सी प्रायमरचा हार्डनर अमाइन किंवा पॉलिअमाइड जातीचा असतो, पीयू रंगासारखा श्वासाला घातक अशा आयसोसायनेटचा नसतो, आणि ब्रशने लावल्यामुळे हवेत त्याचे तुषारही उडत नाहीत. तरीही इपॉक्सी त्वचेला लागत राहिल्यास कायमची ॲलर्जी होऊ शकते, म्हणून नायट्राइलचे हातमोजे घातल्याशिवाय डबा उघडू नये. बंदराच्या गावांत हा प्रायमर मिळण्याची शक्यता अधिक असते, कारण ट्रॉलरच्या लोखंडी भागांना तो लागतो.

दोन्ही डब्यांचे प्रमाण अंदाजाने घेऊ नये, डब्यावर दिलेले प्रमाण मापाच्या कपाने मोजावे. हार्डनर जास्त टाकल्याने प्रायमर लवकर वाळतो हा समज चुकीचा आहे. तसे केल्यास तो ठिसूळ किंवा चिकट राहतो. मिसळल्यानंतर काही वेळ थांबण्याची सूचना असेल, तर ती पाळावी. दोन पातळ हात द्यावेत आणि कडा, वळणे व जोडांच्या फटी यांना आधी ब्रशने एक जादा हात द्यावा, कारण वाळताना रंग कडेवरून मागे सरतो आणि गंज नेहमी तिथूनच सुरू होतो. पुढचा थर किती तासांच्या आत द्यायचा, हेही डब्यावर असते. ती वेळ उलटून गेली तर 320 नंबरच्या पेपरने घासल्याशिवाय वर काही बसत नाही. इपॉक्सी उन्हात भुकटी धरतो, म्हणून प्रायमर मारलेली गाडी महिनोन् महिने तशीच अंगणात ठेवणे योग्य नाही.

पोचे भरण्याच्या पुट्टीबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. पॉलिएस्टरची पुट्टी पाणी पिते. ती पाण्याने घासली किंवा दमट हवेत उघडी ठेवली, तर ओल तिच्या पोटात राहते आणि दोन पावसाळ्यांत ती पत्र्यापासून सुटते. त्यामुळे आधी इपॉक्सी, तो वाळल्यावर आणि घासल्यावर पुट्टी, पुट्टी कोरडीच घासायची, आणि तिच्यावर लगेच पुन्हा प्रायमर, हा क्रम किनाऱ्यावर सोडू नये. गंज पालटणारे फॉस्फोरिक आम्लाचे द्रावण वापरायचे असल्यास ते पूर्ण धुऊन आणि वाळवून घ्यावे, कारण आम्लाचा अंश राहिला तर इपॉक्सी नीट धरत नाही.

वरचा रंग

बाजारात नवशिक्यासमोर मुख्यतः चार पर्याय येतात, आणि त्यांतला जो सर्वांत सोपा म्हणून सांगितला जातो, तोच कोकणात फसवा आहे. तो म्हणजे एनसी, ज्याला जुने रंगारी अजूनही ड्युको म्हणतात. ड्युपाँ कंपनीने 1920 च्या दशकात हा नायट्रोसेल्युलोजचा रंग मोटारींसाठी आणला, तेव्हा गाडी रंगवायला लागणारा आठवड्यांचा वेळ एकदम खाली आला, कारण तो थिनर उडताच वाळतो. बिघडला तर घासून लगेच पुन्हा मारता येतो आणि पॉलिशने छान चमकतो. परंतु त्याचे थिनर उडताना पत्र्याची उष्णता ओढून घेते. हवा 28 अंश सेल्सिअस आणि आर्द्रता 80 टक्के असेल, तर हवेतली वाफ 24 अंशांच्या आसपास थंड झालेल्या पृष्ठभागावर पाणी होऊन बसते. म्हणजे पत्रा चार अंशांनी गार झाला की ओल्या रंगात दंव पडते आणि काळा किंवा तांबडा रंग पाहता पाहता पांढुरका, दुधाळ होतो. त्याच तापमानाला आर्द्रता 60 टक्के असेल, तर हा धोका साडेआठ अंश लांब जातो. हळू उडणारे रिटार्डर थिनर मिसळून अनुभवी रंगारी यातून वाट काढतात, पण तो थर पातळ, ठिसूळ आणि खाऱ्या हवेला कमी टिकणारा असतो. जुन्या गाडीला तिचा मूळचा रंग द्यायचा हट्ट नसेल, तर पहिल्या कामाला एनसी घेऊ नये.

दुसरा पर्याय म्हणजे सिंथेटिक इनॅमल, त्यातही गाड्यांसाठी म्हणून विकला जाणारा. त्याला फॅशन म्हणून कोणी विचारत नाही, तरी जीपचा खालचा सांगाडा, बंपर, चाकांच्या डिस्क, ट्रॉली, कॅरिअर अशा कामांसाठी माझी पहिली पसंती त्यालाच आहे. तो ब्रशने किंवा स्पंजच्या लहान रोलरने लावता येतो, जाड थर देतो, कॉम्प्रेसर लागत नाही आणि त्याची वाफ एनसीपेक्षा सौम्य असते. टर्पेंटाइन साधारण 5 ते 10 टक्के मिसळून पातळ हात द्यावा, रोलरने पसरलेला रंग लगेच मऊ ब्रशच्या टोकाने एकाच दिशेला हलके ओढून घ्यावा, एक दिवस वाळू द्यावा, 600 नंबरच्या वॉटर पेपरने चमक मोडावी आणि मग दुसरा हात द्यावा. हा रंग हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतो, त्यामुळे त्याला वेळ लागतो. वरून हाताला वाळलेला लागला तरी आत पुरता कडक व्हायला काही आठवडे जातात. तोवर त्यावर बोल्ट आवळणे, ताडपत्री गुंडाळणे किंवा पॉलिश करणे टाळावे. त्याची उणीव म्हणजे उन्हात दोन-तीन वर्षांत चमक उतरते. मात्र त्यावर पुन्हा हात मारणे कोणालाही जमते.

तिसरा पर्याय, स्प्रेचा तयार डबा. चेतकच्या पॅनेलएवढ्या भागासाठी घरी सर्वांत गुळगुळीत काम यानेच होते. ॲक्रिलिकचा डबा घ्यावा, सर्व डबे एकाच बॅच क्रमांकाचे घ्यावेत, आणि शक्य असल्यास वरचा क्लिअर, म्हणजे पारदर्शक थरही, त्याच कंपनीचा घ्यावा. आतली गोळी वाजू लागल्यानंतर पूर्ण दोन मिनिटे डबा हलवावा. 20 ते 25 सेंटीमीटर अंतर ठेवून, बटण पॅनेलच्या बाहेर दाबून आणि बाहेरच सोडून, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवत न्यावा. पहिला हात इतका हलका असावा की खालचा प्रायमर दिसत राहील. तो झाकण्याच्या घाईतूनच ओघळ येतात. मध्ये दहा-दहा मिनिटे थांबून तीन-चार हात द्यावेत. या साध्या डब्यातल्या रंगाला पेट्रोल सहन होत नाही, टाकीच्या तोंडाशी सांडलेला एक ओघळही तो विरघळवून मऊ करतो, म्हणून टाकी पहिल्या कामातून वगळण्यास सांगितले.

चौथा पर्याय हार्डनरचा पीयू रंग, एका थराचा किंवा बेस आणि क्लिअर असा दोन थरांचा. टिकाऊपणात, चमकेत आणि पेट्रोल सोसण्यात त्याच्या जवळपास कोणी येत नाही, आणि गाड्यांच्या दुकानांत आज बहुतेक काम त्याचेच चालते. तरीही तो घरी फवारू नये, असे मी स्पष्टपणे सांगतो. त्याच्या हार्डनरमधले आयसोसायनेट फवाऱ्यातून श्वासात गेले, तर दमा जडू शकतो, आणि एकदा शरीराने त्याची धास्ती घेतली की पुढे अगदी थोड्या संपर्कानेही झटका येतो. कागदी किंवा कापडी मास्क त्याला अडवत नाही. गाळणीचा मास्क निकामी झाल्याचे वासावरून कळत नाही, म्हणून कारखान्यांत बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मुखवटा वापरतात. सक्रिय करून वापरायच्या दोन घटकांच्या स्प्रे डब्यालाही हीच गोष्ट लागू आहे. शिवाय हा हार्डनर हवेतली ओल शोषून घट्ट होतो, त्यामुळे उघडलेला डबा आपल्या हवामानात पुढच्या कामापर्यंत टिकेल याची खात्री नसते. टाकी किंवा पूर्ण गाडी पीयूमध्येच हवी असेल, तर गंज काढणे, धुणे, इपॉक्सी, पुट्टी आणि 400 नंबरपर्यंतचे घासणे घरी मन लावून करावे आणि अखेरचा रंग चिपळूण, कुडाळ किंवा रत्नागिरीसारख्या जवळच्या गावातल्या रंगाच्या केबिनमध्ये मारून घ्यावा. मेहनतीचा मोठा भाग तयारीचाच असतो, त्यामुळे खर्चातही बराच फरक पडतो.

छटा आणि हवा

छटेबद्दल थोडक्यात. पांढरा, मलई, फिका राखाडी असे साधे रंग घ्यावेत. काळा रंग पत्र्यावरची प्रत्येक लाट दाखवतो, तांबडा आणि पिवळा कमी झाकतात, तर चंदेरी व मेटॅलिक रंगात हात जरा जवळ-लांब झाला तरी ढगासारखे डाग पडतात आणि वरून क्लिअर द्यावाच लागतो. मूळ छटेशी जुळवायचे असल्यास गाडीवरच्या पट्टीवरील किंवा स्टिकरवरील रंगाचा कोड घेऊन जावे. मात्र वर्षानुवर्षे उन्हात राहिलेल्या पत्र्याशी कोडचा ताजा रंगही पुरता जुळत नाही, म्हणून एक पॅनेल अर्धे न रंगवता कडेपर्यंत पूर्ण रंगवावे.

काम नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात ठेवावे. आर्द्रता 85 टक्क्यांच्या वर असताना कोणताही रंग मारू नये, आणि पत्र्याचे तापमान दवबिंदूपेक्षा, म्हणजे ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी होऊन बसते त्यापेक्षा, किमान 3 अंश वर असावे, हा पोलादावरच्या रंगकामाचा सर्वमान्य नियम आहे. तापमान आणि आर्द्रता दाखवणारे लहान यंत्र फार महाग नसते, ते पडवीत टांगून ठेवावे. सकाळी दंव आटून पत्रा कोरडा झाल्यावर सुरुवात करावी आणि दुपारचा खारा वारा चढण्यापूर्वी शेवटचा हात संपवावा, म्हणजे तिन्हीसांजेला हवा दमट होण्याआधी रंग धूळ न धरण्याइतका वाळतो. तांबडी धूळ बसवण्यासाठी अंगणात पाणी मारायचे असेल, तर ते तासभर आधी मारावे. आंब्याला मोहोर असताना झाडाखाली किंवा संध्याकाळी दिव्याजवळ ओला रंग ठेवू नये, कारण तुडतुडे त्याला चिकटतात आणि त्यांचा गोड चिकटा पानांवरून खाली टपकत असतो.

सिंथेटिक ब्रशने लावतानाही जागा दोन्ही बाजूंनी मोकळी असावी, आणि डब्याचा स्प्रे वापरताना सेंद्रिय वाफेच्या गाळण्या आणि धुळीचा पुढचा फिल्टर असलेला मास्क घालावा. थिनरची वाफ जमिनीलगत पसरते, त्यामुळे चूल, बंब, देवघरातला दिवा आणि शेगडी यांच्यापासून काम लांब ठेवावे. सिंथेटिक पुसलेली फडकी बोचक्यात कोंबू नयेत. ती आतल्या आत तापून पेटू शकतात, म्हणून उघड्यावर पसरून वाळवावीत. स्प्रेचे डबे पत्र्याच्या छपराखाली उन्हात तापू देऊ नयेत, 50 अंशांच्या वर ते धोकादायक ठरतात.

गाडीचा मूळ रंग बदलत असाल, तर एक गोष्ट आधी तपासावी. नोंदणी पुस्तकात गाडीचा रंग लिहिलेला असतो, त्यामुळे एमएच 06, 07 किंवा 08 यांपैकी ज्या परिवहन कार्यालयाकडे आपली गाडी असेल, तिथे विचारून नव्या रंगाची नोंद करून घ्यावी. लष्करी हिरवा रंग तर घेऊच नये, कारण केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधील नियम 121 प्रमाणे तो संरक्षण खात्याच्या वाहनांखेरीज कोणालाही लावता येत नाही. मूळ छटाच पुन्हा देत असाल, तर रंगाचा कोड, कंपनीचे नाव, बॅच क्रमांक आणि वापरलेले थिनर वहीत लिहून ठेवावे, आणि उरलेला रंग लहान बाटलीत काठोकाठ भरून झाकण घट्ट लावावे. पुढल्या वर्षी दगड लागून टवका उडाला, तर त्याच दिवशी तो गोड्या पाण्याने धुऊन, वाळवून, आधी इपॉक्सीचा आणि मग रंगाचा बारीक ब्रशने ठिपका देता येईल.